तेऱ्याच्या पानांच्या वाट्या

कुडाळजवळ माझा मातीच्या भांड्यांचा छोटा स्टुडिओ आहे. गेल्या जुलैत एका होमस्टेवाल्यांनी सोलकढीसाठी २४ वाट्या सांगितल्या. पानाच्या आकाराच्या हव्यात, एवढीच अट.

काकी परड्यातून तेरं, म्हणजे रानअळूची पानं, खुडून आणायच्या. लाटलेल्या मातीवर पान ठेवताना त्याची पाठ मातीकडे करायची, कारण शिरा उठून असतात त्या पाठीवर. वरून हलकं लाटणं फिरवलं की मातीत शिरांचे चर उमटतात. मग तो तुकडा कडेने कापून प्लास्टरच्या साच्यात बसवायचा. पान जरा मोठंच निवडावं लागतं. आमची माती सुकून, भाजून निघेपर्यंत साधारण १२ टक्के आटते. तीन दिवस हेच केलं आणि कोपरापर्यंत खाज सुटली. काकी हसायच्या आणि चिंच आणून द्यायच्या चोळायला.

हिरव्या रंगासाठी ग्लेझमध्ये, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात, तांबं घालायचा मोह होताच. पण सोलकढी आंबट. कल्हई उडालेल्या तांब्याच्या भांड्यात आमसूल घालू नये हे आपल्याकडे आजीपासून ऐकत आलोय. ग्लेझ कच्चं राहिलं तर तीच गत. म्हणून लोखंडाचं, मधाच्या रंगाचं ग्लेझ घेतलं. ते चरांत साचतं तिथे गडद दिसतं, उंचवट्यावर पातळ राहतं.

दुसऱ्या, म्हणजे ग्लेझ लावल्यानंतरच्या भाजणीच्या दिवशी पहाटे भट्टी लावली. दुपारी तीनला काटा ११९० वर. अजून ३० अंश हवे होते. बाहेर पाऊस धो धो, आणि एकदम पंखा थांबला.

"लाईट गेली गो!" काकी ओरडल्या.

काटा घसरायला लागला. ११५०, ११००. मी भट्टीची भोकं बंद केली आणि समोर स्टुलावर बसले. दार उघडून बघावंसं वाटत होतं, पण तेवढं शहाणपण शिल्लक होतं. ५७३ अंशांना मातीतला क्वार्ट्झ रूप बदलतो, तिथून गार होताना घाई झाली तर भांडी तडकतात. त्याच्या वर आहोत तोवर काही बिघडलेलं नाही, असं स्वतःला बजावत राहिले. काकींनी चहा आणून ठेवला, तो गार झाला.

८८० ला "इली, इली!" झालं. आता नव्याने चढवायचं की सोडून द्यायचं? मी चढवलं. १२२० गाठून दहा मिनिटं रोखून धरलं. तिथे चुकले. भांडी किती भाजली हे नुसत्या आकड्यावर ठरत नाही, किती वेळ तापली त्यावरही ठरतं. एकदा ११९० पाहिलेल्या ग्लेझला पुन्हा दहा मिनिटांची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी उघडलं तर खूण म्हणून ठेवलेला कोन, म्हणजे पुरेसं भाजलं की वाकणारा छोटा शंकू, वाकून पार आडवा झाला होता. पाच वाट्यांचं ग्लेझ ओघळून भट्टीतल्या फळीला चिकटलं होतं. उरलेल्या १९ ठीक, आणि चरांतला रंग काकवीसारखा दाट. एकीत लिंबाची फोड रात्रभर ठेवून पाहिली, सकाळी रंग तसाच होता. १९ दिल्या, पाच पुढच्या आठवड्यात देते म्हटलं.

चिकटलेल्यांपैकी एक छिन्नीने सुटली. ती काकी घेऊन गेल्या. त्यांचं मांजर तिच्यात दूध पितं, बुडाला फळीची खपली अजून तशीच आहे, त्यामुळे वाटी डुगडुगते.