थकलेली पोटगी आणि एका वर्षाची मुदत

माझ्या मावसबहिणीला मुलाच्या पोटगीचा आदेश मिळाला, पण काही महिन्यांनी पासबुकात दहा तारखेची नोंद येईनाशी झाली आणि ‘देईल हो, आज ना उद्या’ म्हणत मावशी तिला थोपवू लागली. भिडेपोटी असे थांबणे मला धोक्याचे वाटते; कारण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार (१ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५) वसुलीचे वॉरंट हवे असेल, तर रक्कम देय झाल्यापासून १ वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. पुरेशा कारणाशिवाय पैसे न देणाऱ्याकडून न्यायालय दंडाप्रमाणे वसुली करू शकते आणि त्यानंतरही बाकी राहिल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीपोटी १ महिन्यापर्यंत कैद देऊ शकते. मधेच पैसे भरले तर सुटका होते. ‘आत जाऊन आलो, हिशेब मिटला’ ही फुशारकी मात्र पोकळ आहे, कारण कैद भोगल्याने थकबाकी फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच स्पष्ट केले आहे. बहिणीच्या वकीलबाईंनी अर्जासोबत पासबुकाच्या प्रती आणि कोणत्या महिन्याचे किती येणे आहे, याचा तक्ता जोडला.