अकरा सेकंद

बुधवार, रात्री साडेअकरा

अकरा सेकंद. नंतर फोनवर मागे-पुढे करून मोजले. तेवढा वेळ मी खरंच धरून चालले होते की आला.

दुपारी सोहमनं पाठवला. "आत्या, आला नं!" एवढंच, आणि खाली 'अलिटा'च्या दुसऱ्या भागाचा ट्रेलर. 'अलिटा' म्हणजे यंत्राचं शरीर असलेल्या मुलीचा तो हॉलिवूडचा सिनेमा, ज्याच्या दुसऱ्या भागाची मी अजून वाटच बघतेय. आयर्न सिटीतली गर्दी, वर आभाळात लोंबकळणारं झालेम शहर, आणि अलिटा मान वर करून बघते आहे. घशाशी काहीतरी आलं. बाराव्या सेकंदाला नोव्हा, झालेममधला खलनायक, दिसला आणि त्यानं सावकाश डोळ्यांवरचा गॉगल काढला. झालं. गॉगल त्यानं 2019 मध्येच काढलाय बाबा! पहिल्या भागाच्या अगदी शेवटी, खाली मोटरबॉलच्या, म्हणजे चाकांवर धावत खेळायच्या त्या खेळाच्या, मैदानात ती तलवार वर रोखून उभी असते आणि हा वरून गॉगल काढून हसतो. तो एडवर्ड नॉर्टन आहे हे तेव्हाच कळतं. तोच गॉगल, तोच दिमाख, दुसऱ्यांदा? बनवणाऱ्यानं सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेलाच नाही.

पण गॉगलापर्यंत थांबायची गरजच नव्हती, हे जास्त लागलं. ट्रेलर खरा की खोटा हे ओळखायला मी चार जणांना शिकवलंय. आधी चॅनेलचं नाव बघायचं, स्टुडिओचं आहे का. अमेरिकन ट्रेलरच्या सुरुवातीला बहुतेक वेळा मंजुरीची हिरवी पाटी येते, शेवटी चिंचोळ्या अक्षरांत नावांची दाट चळत येते. दोन्ही नसतील तर पुढे बघूच नये. मग शॉट मोजायचे. एआयच्या कामात प्रत्येक तुकडा चार-पाच सेकंदांचा, कॅमेरा हळूच पुढे सरकतो, माणूस शून्यात बघतो. कोणी धावत नाही, कोणी कोणाला धड मारत नाही, कारण दोन शरीरं एकमेकांना भिडली की हातापायांचा काला होतो. मागच्या दुकानांच्या पाट्या वाचायला जावं तर अक्षरं वितळलेली. आणि खालच्या मजकुरात, 'आणखी वाचा' दाबल्यावर, कुठेतरी 'कन्सेप्ट', म्हणजे नुसती कल्पना, हा शब्द लपवलेला. आजच्यात हे सगळं होतं. सगळं! मोटरबॉलच्या सिनेमात एकही चाक फिरत नव्हतं आणि मी घसा दाटवून बसले होते.

बनवणाऱ्यांचा राग नाही. म्हणजे थोडा आहे. 2025 च्या मार्चमध्ये यूट्यूबनं असल्या दोन मोठ्या चॅनेलांचे जाहिरातीचे पैसे थांबवले, तेव्हा बाहेर आलं की काही स्टुडिओ असले व्हिडिओ काढायला लावण्याऐवजी त्यांच्या जाहिरातींचे पैसे स्वतःकडे वळवून घेत होते. म्हणजे आपण खोट्यावर हळहळायचं आणि गल्ला खऱ्याच्या घरी. असो. त्यावर लिहायला बसले नव्हते.

अकरा सेकंद काहून? दुसरा भाग का अडलाय याचा हिशोब मला पाठ आहे. पहिल्याचं बजेट सुमारे 17 कोटी डॉलर, जगभरची तिकीटविक्री सुमारे 40.5 कोटी. ऐकणारा म्हणतो, दुप्पट झाले की, मग अडलंय कुठे? अडतं ते वाटणीत. अमेरिकेतल्या तिकिटाचा ढोबळ अर्धा हिस्सा स्टुडिओकडे येतो, चीनमधून जेमतेम पाव, बाकी जगातून चाळीस टक्क्यांच्या आसपास. अमेरिकेत झाले सुमारे 8.6 कोटी, त्यातले 4.3 हातात. चीनमध्ये 13.3, त्यातले 3.3. उरलेल्या 18.6 मधले 7.4. बेरीज 15. बनवायला लागले 17, जाहिरातीचा खर्च वेगळाच. टीव्ही आणि ओटीटीचे पैसे मागून येतात, पण दुसऱ्या भागाला होकार देणारा माणूस एवढा थांबत नाही. अडीच पटीचा जो ठोकताळा सगळे वापरतात त्यानं 42.5 कोटी हवे होते. दोन कोटींनी हुकला. साफ आपटला असता तर केव्हाच विसरले असते. हे असं काठावर येऊन राहिलं, तेच सुटत नाही.

त्यात नशीब बघा. अमेरिकेत लागला 14 फेब्रुवारी 2019 ला. तो काढणारं फॉक्स डिस्नेकडे गेलं 20 मार्चला. चौतीस दिवस. बाळंतिणीचा सव्वा महिनाही उलटला नव्हता आणि घर विकलं. नव्या मालकाला जुन्या मालकाच्या अर्धवट गोष्टींचं प्रेम नसतं, आणि त्यात त्याचं चुकतं असंही नाही.

बरं, करणार कोण? पहिल्याचा दिग्दर्शक रॉड्रिगेझ तयार आहे, निर्माता जेम्स कॅमरूनही करायचंय म्हणतो. पण कॅमरूनच्या मूळ पटकथेची 186 पानं आणि वर सहाशे पानांची टिपणं, ती आटोक्यात आणायलाच रॉड्रिगेझ लागला होता. आणि कॅमरून 'अवतार'मध्ये. तिसरा 19 डिसेंबर 2025 ला आला. चौथ्याला डिसेंबर 2029 आणि पाचव्याला डिसेंबर 2031 अशा तारखा दिलेल्या आहेत. माणूस 1954 चा. ही वजाबाकी मी नेहमी अर्ध्यावर सोडते. दुसरा निर्माता जॉन लँडाऊ, जो या दुसऱ्या भागाबद्दल विचारलं की हसून बोलायचा, तो 2024 च्या जुलैमध्ये गेला. त्या दिवशीचं पान मी कोरंच ठेवलंय.

तारखांचंही काही खरं नसतं म्हणा. नव्या 'स्टार ट्रेक'च्या चौथ्याला 22 डिसेंबर 2023 ही तारीख होती, 2022 मध्ये ती यादीतून गुपचूप उतरवली. 'अवतार'चा दुसरा भाग आधी 2014 ला येणार होता, आला 2022 ला. टिनटिनचा दुसरा भाग पीटर जॅक्सन करणार हे 2011 पासून ऐकतेय. बातमीत 'चर्चा सुरू' असेल तर समजायचं दोघांनी जेवताना विषय काढला. 'डेव्हलपमेंटमध्ये' म्हणजे कोणाला तरी लिहायचे पैसे मिळाले. 'दिग्दर्शक ठरला' हेही खरं नाही, तो पुढच्या महिन्यात निघून जातो. ग्रीनलाइट, म्हणजे स्टुडिओचा पक्का होकार, मिळून शूटिंगचा पहिला दिवस उजाडला की मगच गॅसवर चहा ठेवावा. आणि तिथून पुढेही, चेहरा टिपून अख्खं पात्र संगणकावर उभं करायचं असेल तर दोन वर्षं सहज. पहिल्याचं शूटिंग ऑक्टोबर 2016 ला सुरू झालं होतं, तोही जुलै 2018, मग डिसेंबर 2018 असा ढकलत ढकलत फेब्रुवारीत आला.

उलट बाजूही आहे, आणि तीच घात करते. 'ट्रॉन' 1982 चा, त्याचा दुसरा 2010 ला. 'मॅड मॅक्स' 1985 ला थांबला तो थेट 2015 ला उठला, आणि काय उठला! हे एक-दोन उठतात म्हणून बाकीच्यांच्या उशाशी बसून राहावं लागतं.

संध्याकाळी काटोलहून बापूंचा फोन. संत्र्याला ताण दिलाय म्हणाले, पाणी तोडलंय, आंबिया बहार यंदा चांगला फुटेल. मी विचारलं, ताण जास्त झाला तर? "मंग सल येते नं. फांद्याच वाळतात." मी एकटीच हसले. ते म्हणाले, काय झालं वं? काय सांगणार. सात वर्षं पाणी तोडलेलं झाड इकडे धरमपेठेत बसलंय आणि आज कोणीतरी बादलीभर खोटं पाणी ओतलं तर लगेच कळी धरायला निघालं.

सोहमला अजून उत्तर दिलेलं नाही. 'खोटा आहे' असं लिहून दोनदा खोडलं. त्याला गॉगलाचं सांगायचं तर पहिला भाग पुन्हा बघायला लावावा लागेल, तेच करू. रविवारी बोलावते. तर्री पोह्याची लाच दिली की येईल.

थंडी आहे, रजईत घेऊन पुन्हा एकदा लावला. गर्दी, झालेम, तिची वर गेलेली मान. अकराव्यावर थांबवला.