शुभेच्छा नसलेली सुट्टी

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शुभेच्छांविना एकही सण सुटत नाही. त्यामुळे गुड फ्रायडेच्या सकाळी कुणीतरी गुलाबाच्या चित्रावर 'हॅपी गुड फ्रायडे' लिहून टाकतोच. खाली हात जोडलेल्यांची रांग लागते. ग्रुपमधली ख्रिस्ती घरं तेवढी गप्प असतात. ज्या दिवशी येशूला वधस्तंभावर खिळलं, त्या दिवसाच्या शुभेच्छा घ्यायच्या तरी कशा आणि नाकारायच्या तरी कशा? मोहरमच्या दिवशीही आमचा ग्रुप असाच उत्साहात असतो.

गुलाब पाठवणाऱ्याला मी दोष देणार नाही. सुट्टी म्हटली की आनंदच करायचा, एवढंच आपल्याला शिकवलं गेलंय. सुतकासाठी सुट्टी असू शकते, हे कॅलेंडरच्या लाल चौकटीवरून कळत नाही.

ख्रिस्ती सणांपैकी नाताळ बाजाराने केव्हाच आपलासा केला. डिसेंबर लागला की मॉलमध्ये झाड उभं राहतं, त्यावर कापसाचा बर्फ चढतो आणि रोजंदारीवरचा एक घामाघूम सांताक्लॉज पोरांना चॉकलेटं वाटत फिरतो. केक खाताना कुणाचा धर्म आड येत नाही, आणि ते चांगलंच आहे. ईस्टरलाही अंडी आहेत, ससे आहेत. त्याआधीच्या शुक्रवाराला मात्र बाजार जरा बिचकतो. वांद्र्या-माहीमच्या बेकऱ्यांत क्रूसाची खूण असलेले गोड पाव मिळतात, बस्स. दुःखाचा सेल लावायचा तरी कसा?

पण बाजार तो बाजारच. दिवसाचं काही विकता येईना, तर त्याने वार विकायला काढला. नाताळ कुठल्याही वारी येतो, बुधवारी आला की नोकरदारांचा जीव खट्टू होतो. हा सण मात्र दरवर्षी न चुकता शुक्रवारीच. शेअर बाजार बंद, बँका बंद, पुढे शनिवार-रविवार. म्हणून गुरुवारी संध्याकाळीच द्रुतगती मार्गावर गाड्यांची रीघ लागते, आणि लोणावळ्यात खोली मिळेनाशी होते.

तारीख तेवढी पक्की नसते. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार तो ईस्टर, आणि त्याच्या आधीचा शुक्रवार तो गुड फ्रायडे. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ बघत ताटकळणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटायचं कारण नाही. ती पौर्णिमा कधी आपल्या होळीची निघते, कधी हनुमान जयंतीची. 2024 मध्ये होळीची होती, गुड फ्रायडे आला 29 मार्चला. 2026 मध्ये 2 एप्रिलला हनुमान जयंती आणि 3 एप्रिलला गुड फ्रायडे. चंद्राचं हे फिरणं इंग्रजांनाही गैरसोयीचं वाटलं असावं. 1928 साली त्यांच्या संसदेने ईस्टर एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारनंतरच्या रविवारी पक्का करण्याचा कायदा केला. तो आजवर अमलात आलेला नाही. तिथेही फाइल अडते, हे वाचून मला बरं वाटलं.

मी वाढलो वसईत. आमच्या आळीत ईस्टरआधीचा पवित्र आठवडा कॅलेंडर न बघता कळायचा, कारण क्रिकेटची टीम फुटायची. आमचा हुकमी बॉलर आणि त्याचे दोन भाऊ गुरुवारी संध्याकाळपासून गायब. शुक्रवारी आम्ही दारात जाऊन उभे राहायचो, तर काकू ओटीवरूनच हात हलवून परत पाठवायच्या. त्यांच्या घरातला रेडिओ बंद असायचा. दुपारी पेज आणि लोणचं. आमच्याकडे 'एकादशी आणि दुप्पट खाशी'चा कारभार, साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याची आमटी, त्यामुळे उपवासाला माणूस खरोखरच कमी खातो, हे मी पहिल्यांदा त्या घरात पाहिलं. तीन वाजता सगळं घर पांढऱ्या-काळ्या कपड्यांत चर्चला निघायचं. त्या दिवशी मिस्सा, म्हणजे चर्चमधला नेहमीचा मुख्य उपासनाविधी, नसतो. वेदीवरचं वस्त्रसुद्धा काढून ठेवलेलं असतं. पुढे पुण्यात एका प्रोटेस्टंट मित्राबरोबर गेलो, तर तिथे बारा ते तीन अशी तीन तासांची उपासना होती. येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, आणि त्यांवर एकामागून एक प्रवचनं. एप्रिलच्या उन्हात, पंख्याखाली, तीन तास. एकानेही मोबाइल काढला नाही, आणि मला मात्र चौथ्या उद्गारापासून माझ्या खिशाची आठवण येत होती.

गुरुवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत कॅथलिक चर्चच्या घंटाही मुक्या असतात. गरज पडली तर लाकडी खटखटं वाजवतात. वसईकराला इथे एक गंमत सुचल्याशिवाय राहत नाही. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. एक नाशकात नारोशंकराच्या देवळात आहे, एक भीमाशंकरला. त्यांना आता हा मौनाचा नियम लागू नाही. देव बदलला, सुट्टीचे नियम बदलले.

आयर्लंडची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. तिथे 1927 पासून गुड फ्रायडेला पब बंद ठेवण्याचा कायदा होता. परिणाम आपल्या ओळखीचाच: गुरुवारी दारूच्या दुकानांसमोर रांगा. आपल्याकडे ड्राय डेच्या आदल्या संध्याकाळी दिसतात, अगदी तशाच. 2018 साली तो कायदा गेला. जर्मनीतल्या बऱ्याच राज्यांत अजून त्या दिवशी जाहीर नाचगाण्याला बंदी असते, आणि दरवर्षी त्यावर वादही होतो. ज्याला दुःख नाही त्याने का थांबावं, असा तो वाद. मला त्यात नाचणाऱ्यांची बाजू पटते. सक्तीच्या गांभीर्याने कुणी गंभीर झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

सुट्टी मात्र असावी. 2019 मध्ये दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवच्या प्रशासनाने ही सुट्टी राजपत्रित यादीतून वगळली, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने ती परत द्यायला लावली. ज्याला चर्चमध्ये बसायचंय त्याला रजेचा अर्ज करावा लागू नये, एवढ्यासाठी बाकीचे लोणावळ्याला गेले तरी चालतील. तिथल्या हॉटेलवाल्यांचंही पोट आहे.

2027 मध्ये गुड फ्रायडे 26 मार्चला, होळीच्याच आठवड्यात येतोय. आमच्या ऑफिसातल्या एकाने मधल्या तीन रजा टाकल्या की सलग नऊ दिवस मिळतात, हे आत्ताच काढून ठेवलंय. मी त्याला विचारलं, तारीख कशी शोधलीस? म्हणाला, ''सोपं आहे, पौर्णिमा बघायची.''