कच्चं लिंबू

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्याला मी आणि तिसरीतला पुतण्या टीव्हीसमोर ठाण मांडून होतो. मुलींच्या सामन्यात समोर नेपाळ, मुलांच्या सामन्यातही नेपाळच, आणि दोन्हीकडे आपण जिंकलो. दोन्ही कर्णधार महाराष्ट्रातले, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. मी उगाचच, जणू माझाच काहीतरी हातभार लागला होता असा, सोफ्यावर सरसावून बसलो होतो. पुतण्याला मात्र सुरुवातीपासून एकच कोडं पडलेलं.

"काका, हे सगळे खाली का बसलेत? दमले का?"

मी त्याला समजावलं. आमच्या खो-खोत आठ जण ओळीत बसायचे, एकाचं तोंड इकडे तर दुसऱ्याचं तिकडे. नववा पाठलाग करायचा. त्याला मधली रेघ ओलांडता येत नाही, धावता धावता मागं वळता येत नाही. दिशा बदलायची तर खांबाला वळसा घालायचा, नाहीतर बसलेल्याला मागून थाप मारून मोठ्यानं "खो" म्हणायचं आणि त्याच्या जागी आपण बसायचं. हे सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "म्हणजे जास्त वेळ बसायचंच."

पोरगं चुकीचं बोललं नव्हतं. माझ्या प्राथमिक शाळेतला खेळाचा तास आठवला की मला धावणं कमी आणि उकिडवं बसणंच जास्त आठवतं. बोटं मातीला टेकलेली, एक पाय पुढे, पोटरीला मुंग्या, आणि कान मागे. खो मिळण्याआधीच उठलो तर फाउल. मी दर वेळी आधीच उठायचो.

शाळा कराडच्या जवळ, जिल्हा परिषदेची, चार खोल्यांची. क्रीडाशिक्षक वगैरे भानगड नव्हती. सकाळी ज्या गुरुजींनी पावकी-निमकी म्हणून घेतली तेच शनिवारी गळ्यात शिट्टी अडकवून मैदानात उभे राहायचे. शिट्टीला दोरी नसे, पायजम्याची जुनी नाडी असे. वेळापत्रकाच्या तक्त्यावर त्या तासापुढे फक्त 'शा. शि.' लिहिलेलं. अभ्यासक्रम मागे पडला की गुरुजी तो तास गणिताला घ्यायचे, म्हणून वरच्या वर्गातली पोरं त्याचा अर्थ 'शांत शिका' असा लावायची.

शनिवारची सकाळची शाळा मात्र कवायतीचीच. सावधान, विश्राम, सावधान, विश्राम. 'सावधान' म्हटलं की नाकावर माशी येऊन बसणार हे ठरलेलं. 26 जानेवारी जवळ आली की लेझीम बाहेर निघायची. कपाटात वर्षभर गंजलेल्या साखळ्या पहिले दोन दिवस खणखणण्याऐवजी करकरायच्या, आणि हात तांबडे व्हायचे. हलगीवर सगळ्यांचा ठोका एकदम पडे, त्यानंतर क्षणभरानं माझा. गुरुजींनी मला शेवटच्या रांगेत उभं केलं. तिथेही ऐकू येतं म्हटल्यावर माझ्या हातात झेंडा दिला.

मैदान आखायला फक्की असायची. ती संपली की कुणाच्या तरी घरून चुलीतली राख यायची. खो-खोचं मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद असतं हे मला पुढे कळलं. आमचं मैदान गुरुजींच्या पावलांनी मोजलेलं असे, आणि पुढच्या कडेला कडुनिंब आडवा येतो म्हणून तिकडून थोडं आखूड.

मी दुसरीत होतो, वर्गात सगळ्यात बुटका. ताई चौथीत. खेळाला दुसरी ते चौथी एकत्र. गडी वाटून घ्यायची वेळ आली की शेवटी मी एकटाच उभा राहायचो. मग ताई पुढं येऊन म्हणायची, "ह्याला कच्चं लिंबू घ्या की. न्हाईतर घरी जाऊन रडतंय."

कच्चं लिंबू म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. खेळात आहे, पण मोजणीत नाही. बाद केला तरी बाद नाही. त्याच्यावर राज्य येत नाही. इतक्या लहान वयात, कुणी न शिकवता, पोरांनी काढलेली ही पळवाट मला अजूनही थोर वाटते. कमजोर गड्याला घरी पाठवायचं नाही आणि त्याच्यामुळे डावही बिघडू द्यायचा नाही, दोन्ही एका शब्दात साधलं. पुतण्याच्या शाळेत स्पर्धेनंतर सगळ्यांना पदकं देतात. त्याच्या कपाटाला तशी सहा लटकली आहेत. त्यातलं धावण्याचं कुठलं, असं विचारलं तर त्याला सांगता येत नाही. लिंबाला निदान आपण लिंबू आहोत हे ठाऊक असायचं.

पण लिंबाचंही एक दुःख असतं. मी जीव तोडून पळायचो, खांबाला वळसे घालायचो, हुलकावण्या द्यायचो, आणि माझ्या मागे कुणीच नसायचं. पाठलाग करणारा माझ्या अंगाला घासून जायचा, पण मी म्हणजे मैदानात उगवलेलं झुडूप असल्यासारखा. पळणारी मोठी पोरं माझा आडोसा करायची. मी धापा टाकत कडेला आलो की ताई पदराएवढ्या रुमालानं माझं नाक पुसायची. खेळात त्याहून मोठा अपमान नसेल.

पाऊस असला की गुरुजी वर्गात गोष्टी सांगायचे. त्यात खाशाबा जाधव ठरलेले. गोळेश्वर आमच्या तालुक्यातलं, त्यामुळे 1952 चं हेलसिंकी आम्हाला गोळेश्वरच्या पुढच्या स्टॉपवर असल्यासारखं वाटायचं. 57 किलो गटात कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. माझ्या डोक्यात त्यातला एकच आकडा राहिला. सत्तावन्न किलो म्हणजे पैलवानांत लहानच की! मग त्यांना कुणी लिंबू घेतलं असेल का, हा प्रश्न मी गुरुजींना विचारला. वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. "मैदानात बघू," एवढंच म्हणाले. 15 जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस आता राज्याचा क्रीडा दिन झालाय. तो आला की मला आधी तो माझा प्रश्न आठवतो आणि कान गरम होतात.

त्यानंतर महिनाभरानं एका शनिवारी शेजारच्या गावच्या जत्रेमुळे निम्मी शाळा गायब. गुरुजींनी डोकी मोजली, पुन्हा मोजली, आणि शिट्टी तोंडाजवळ धरून म्हणाले, "आज लिंबू न्हाई कुणी. सगळे पक्के."

मी पळणाऱ्या पहिल्या तिघांत होतो. दोघं लगेच बाद झाले. मी उरलो. पहिल्यांदाच माझ्या मागे खरी पावलं वाजत होती. त्या आवाजानं पोटात जे झालं ते शब्दांत पकडायला मला आजही जमत नाही. एक खांब चुकवला. एकाला हूल दिली, ती चक्क बसली. कडेची पोरं ओरडायला लागली. आणि मग मागून "खो" ऐकू आला आणि वळून पाहिलं तर उठलेली ताई.

मला वाटलं, ही सोडेल. मी किंचित थांबलोसुद्धा.

ताईनं पाठीवर असा पंजा ओढला की बंडीखाली पाच बोटं उमटली. "बाद!" ती ओरडली. गुरुजींची शिट्टी वाजली. मी रेघेबाहेर जाऊन बाद झालेल्या दोघांशेजारी बसलो. त्यातला एक चौथीतला होता. त्यानं सरकून मला जागा दिली.

घरी येईपर्यंत ताई माझ्याशी बोलली नाही, मीही नाही. आई चुलीपुढं होती.

"आई, आज मी बाद झालो."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मग? लागलं का कुठं?"