उलटा सहा

खेळण्यातल्या जुन्या गाड्या जमवणारा माणूस गाडी हातात घेतली की आधी ती उलटी करतो. निमुळतं नाक, मागचा पंख, लाल रंगाची चमक, हे सगळं नंतर. आधी पोट. परवा आम्ही चौघं जमलो होतो. टेबलावर मधोमध लेगोची, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांची, एक जुनी रेसची गाडी, तळहातावर मावेल एवढी, आणि चौघांनीही आळीपाळीने तिला उताणी पाडून पाहिली. बैल घेताना त्याचे दात बघतात. आम्ही दातांच्या खुणा बघतो.

लहानपणी या ठोकळ्यांशी खेळलेल्याला याचा अर्थ सांगायला नको. दोन पातळ पट्ट्या एकमेकींवर घट्ट बसल्या की नखाला दाद देत नाहीत. मग दातच उरतात. ठोकळे सोडवायचं छोटं अवजार लेगोने १९९० साली आणलं. तोवर ते काम पोरांनी पुढच्या दातांनीच केलं, त्यातले काही दात तर दुधाचे. त्यामुळे ऐंशीच्या दशकातल्या गाडीची एखादी तरी पट्टी कडेला कुरतडलेली नसेल, तर मला उलट शंकाच येते. आमच्यातला एक जण मात्र अशा पट्ट्या चिमट्याने उचलून बाजूला ठेवतो आणि त्यांच्या जागी स्वच्छ पट्ट्या बसवतो. बसतात हो. वर बटणं आणि आत पोकळ नळ्या असलेल्या ठोकळ्याचं पेटंट डेन्मार्कमध्ये १९५८ साली घेतलं गेलं, आणि तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावरही तितकाच करकचून बसतो. पण मग गाडी मूळची राहिली का? एक पट्टी बदलली तर राहते म्हणे. दहा बदलल्या तर? हा वाद आम्ही दर वेळी घालतो आणि मुद्दामच अर्धवट सोडतो. मिटला तर पुढच्या वेळी भांडायचं कशावरून?

चाकांबद्दल मात्र एकमत आहे. लेगोचं रबरी टायरवालं चाक १९६२ साली आलं. ते आलं नसतं तर आम्ही चौघं आज निमूटपणे घरं आणि मनोरे जमवत बसलो असतो. टायर काढून हुंगणारी माणसं मी पाहिली आहेत. मीही हुंगतो. टायर काढलं की आसाभोवतीचा गुंता दिसतो: धूळ, लोकरीचा धागा आणि केस. परवाच्या गाडीत होता तो केस चांगला वीतभर लांब निघाला. सुईच्या टोकाने तो उलगडताना माझा हात जरा थबकला, कारण आमच्या घरच्या गाडीत निघायचा तोही लांबच असायचा. ताईचा. तिची वेणी हा आमच्या गाडीचा घाट होता. ती पालथी पडून पुस्तक वाचत असायची, मी पाठीवरून गाडी चढवत मानेपर्यंत न्यायचो, आणि तिथे चाक अडकायचं. मग कात्री. गाडीला नव्हे, वेणीला. हे घरात कळल्यावर काय झालं, ते इथे लिहिण्याची गरज नाही.

गाडी बांधायचीही ताईच. तेव्हाच्या पुस्तिकेत आजच्यासारखं ‘या पायरीला हे तीन तुकडे घ्या’ असं चौकटीत काढून दिलेलं नसे. शब्द तर नव्हतेच. आधीचं चित्र आणि नंतरचं चित्र, दोन्हींवर बोट ठेवून फरक शोधायचा. कधी एका पायरीत सहा-सात तुकडे वाढलेले असत, त्यातला एखादा दुसऱ्याच्या मागे लपलेला. तो राहिला की चार पायऱ्यांनंतर पंख बसेना व्हायचा आणि पुन्हा दातांना काम लागायचं. ताई चित्रं बघायची आणि मी तिच्या हुकमाबरहुकूम डब्यात हात घालून ढवळायचो. तो खळखळाट अजून कानात आहे. आमच्यातल्या एकाकडे सील न फोडलेला खोका आहे. तो कधी कधी खोका कानाशी धरून हलकेच हलवतो. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे काही दिसतं ते बघवत नाही.

चालकाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. हातपाय हलणारा हा ठोकळ्यांतला माणूस १९७८ साली आला तो एकच चेहरा घेऊन: दोन टिंबं आणि एक वक्र रेघ. १९८९ मध्ये समुद्री चाचे येईपर्यंत या दुनियेत दुसरा भावच नव्हता. गाडी खाटेच्या पायावर आदळो, जिन्यावरून गडगडत खाली जावो, नाक एकीकडे आणि चाकं दुसरीकडे होवोत, गृहस्थ हसतच. शर्यतीत शेवटचा आला तरी तेच. शिरस्त्राणाची हनुवटीपुढची नाजूक पट्टी मी ओढून ओढून तोडली, तरीही तेच. त्याचा मला तेव्हा रागच यायचा.

आता स्टिकर. रेसच्या गाडीला नंबर नसेल तर ती नुसतीच लाल गाडी, आणि आमच्या गाडीच्या नाकावर, पांढऱ्या गोलात, काळा इंग्रजी सहा लावायचा होता. खोक्यावरच्या चित्रात तसं स्पष्ट होतं. आठ बटणांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, असं गणित आहे. सहाचा स्टिकर लावायचे प्रकार दोनच. ताईने दुसरा निवडला. जीभ बाहेर काढून, श्वास रोखून, अतिशय काळजीपूर्वक तिने तो उलटा लावला. मी रडायला लागल्यावर ती शांतपणे म्हणाली, “अरे, समोरून येणाऱ्याला सहाच दिसेल.” उपटायला गेलो तर कोपरा दुमडला, म्हणून आमची गाडी नऊ नंबरची झाली ती कायमची. पुढे त्या गाडीचे ठोकळे डब्यातल्या बाकीच्या ठोकळ्यांत मिसळले आणि डबाही कुठे गेला कोण जाणे. ताई अजूनही तो स्टिकर सरळच होता असं म्हणते.

परवा टेबलावर होती ती हीच गाडी, म्हणजे हाच सेट. कोमट पाण्यात धुऊन झाली होती, दातांची पट्टी बदलून झाली होती, फक्त नाक कोरं होतं. गाडीच्या मालकाला कुठून तरी न वापरलेलं स्टिकरचं पान मिळालं होतं. जुन्या स्टिकरचा डिंक बहुधा वाळून गेलेला असतो, याचा मात्र अजून धरत होता. संधी एकच. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, चिमटा घेतला, गाडीचं नाक स्वतःसमोर नीट धरलं आणि मला विचारलं, “तुझ्याकडे होती ना ही? नंबर कसा होता?”

मी फोन लावला. ताई स्वयंपाकघरात असावी, मागे भांड्यांचा आवाज येत होता.

“ताई, आपल्या लाल गाडीचा नंबर काय होता गं?”

“नऊ,” ती लगेच म्हणाली. मग थोडं थांबून, “का रे?”

“काही नाही, सहज.”

फोन ठेवेपर्यंत त्याने खोक्यावरचं चित्र बघून स्टिकर लावूनही टाकला होता. एकदम सरळ, गोल बरोब्बर मधोमध, हवेचा एक बुडबुडा नाही. सगळ्यांनी वाहवा केली, मीही केली. मग पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो आणि परत येताना टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसलो.