अल्ट्रॉनचे ड्रोन आणि शी-हल्कचा डेक

'मार्व्हल चॅम्पियन्स' या कार्डांच्या खेळात अल्ट्रॉन हा खलनायक तुमच्याच डेकचं (कार्डांच्या गठ्ठ्याचं) वरचं कार्ड उलटं टाकून त्याचा ड्रोन (छोटा शत्रू) करतो: हल्ला 1, कारस्थान 1, जीव 1. डेक भराभर संपतो, आणि पुन्हा पिसताना एक जादा एन्काउंटर कार्ड (खलनायकाच्या बाजूचं कार्ड) गळ्यात पडतं.

हिरो म्हणून शी-हल्क घ्या. तिची 15 कार्डं ठरलेलीच. त्यातलं 'ग्राउंड स्टॉम्प' प्रत्येक शत्रूला 1 डॅमेज देतं, ड्रोन साफ. पण 'अपग्रेडेड ड्रोन्स' लागलं की जीव 2 होतो, स्टॉम्प अपुरा पडतो. 40 कार्डांच्या डेकमधल्या उरलेल्या 25 मध्ये अ‍ॅग्रेशन या हल्लेखोर गटातलं 'चेस देम डाउन' हवंच: हिरोच्या हल्ल्यात शत्रू पडला की 2 थ्रेट (खलनायकाच्या कटाचे गुण) कमी, तेही फुकट. 'अपरकट'चे 5 डॅमेज ड्रोनवर? मुंगीला हातोडा! समोर चार ड्रोन असताना जेनिफर (शी-हल्कचं साधं रूप) होऊ नका, तेव्हा ड्रोन हल्ल्याऐवजी कारस्थान करतात आणि 4 थ्रेट जादा चढतो.

पुण्याच्या पावसाळी हवेत कार्डं वाकतात. त्यांना स्लीव्ह (प्लास्टिकचं आवरण) घाला, नाहीतर उलटा ड्रोनही ओळखू येतो.