ऑटो लेव्हलचा घाऊक माल आणि 60 मीटरवरचे दोन खुंट

सांगली-मिरजेच्या दुकानदारांना ऑटो लेव्हल (जमिनीच्या उंचीतला फरक मोजायची दुर्बीण), स्टाफ (तिच्यातून वाचायची उभी मोजपट्टी), ट्रायपॉड घाऊक भावात द्यायचे ठरवले, तेव्हा माल उत्तराखंडातल्या रुरकीहून आणायचा हे नक्की होते. मोजणीची उपकरणे बनवणारे कारखाने तिथे पूर्वापार आहेत.

कागदपत्रांत फारसे अडले नाही. जीएसटीसाठी मालाचा एचएसएन कोड 9015, दर 18 टक्के. मात्र मोजणीची टेप कायद्याने ‘माप’ ठरते. ती विकायला 2009 च्या वैधमापन कायद्याखाली विक्रेता परवाना लागतो, तो आधी काढून ठेवा. पुरवठादार जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचे विवरण, वेळेवर भरतो का, हेही त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांना विचारा. त्याने भरला नाही तर खरेदीवर भरलेल्या कराचे आपले क्रेडिट जीएसटीआर-2बी या पत्रकात दिसत नाही आणि भांडवल अडकून बसते.

खरे काम लॉट उतरल्यावर सुरू झाले. प्रत्येक पेटीत कॅलिब्रेशनचे सर्टिफिकेट होते, पण ते कारखान्यातून निघतानाचे. ऑटो लेव्हलमधला कॉम्पेन्सेटर, म्हणजे नजरेची रेषा आपोआप आडवी ठेवणारा भाग, बारीक तारांवर टांगलेला असतो आणि ट्रकचे हादरे त्याने उत्तराखंडापासून सोसलेले असतात. म्हणून कुपवाडच्या गोदामामागे एकमेकांपासून 60 मीटरवर दोन खुंट ठोकले आणि एकेक नग टू-पेग टेस्टला, म्हणजे दोन खुंटांच्या चाचणीला लावला.

दोन्ही खुंटांवर स्टाफ धरून रीडिंग घ्यायचे. लेव्हल बरोबर मधोमध ठेवली की तिची चूक दोन्ही बाजूंना सारखीच येते, म्हणून दोन रीडिंगमधला फरक खरा निघतो. मग लेव्हल एका खुंटाजवळ न्यायची; तिच्यात चूक असेल तर आता फरक बदलतो. एका नगाने मधून 1.420 आणि 1.265 मीटर दाखवले, फरक 155 मिलिमीटर. जवळून 1.510 आणि 1.367, म्हणजे 143. बारा मिलिमीटर कुठे गेले? क्रॉसहेअरची, म्हणजे दुर्बिणीतल्या आडव्या खुणेची, नजरेची रेषा तिरकी झाली होती. असे नग बाजूला काढले, रीडिंगचे फोटो पाठवले. पुरवठादार आधी ‘एवढे चालते’ म्हणाला, शेवटी क्रेडिट नोट दिली.

चालत नाही. आपल्याकडे कृष्णाकाठी क्षारपड जमिनीत निचऱ्याचे पाइप टाकतात, त्यांना 100 मीटरला जेमतेम 10-20 सेंटीमीटर उतार असतो. या लेव्हलची चूक 100 मीटरला 2 सेंटीमीटर भरते. पाणी ओढ्याला न जाता पाइपातच तुंबले तर शेतकऱ्याचा पैसा गेला आणि जमीनही सुधारली नाही. हा माणूस मला कधी भेटणार नाही, लेव्हल तो दुकानातून किंवा सर्व्हेअरकडून घेणार. पण तपासायला जागा, वेळ आणि अख्खा लॉट घाऊकवाल्याकडेच असतो.

आता प्रत्येक पेटीत सिरियल नंबर घालून दोन्ही जागची रीडिंग लिहिलेला कागद ठेवतो. दुकानदारांना सांगतो, तुम्हीही गिऱ्हाइकासमोर बबल मध्यावर आणून लेव्हल 180 अंश फिरवा, बबल मध्यावरच राहतो का पाहा, आणि लेव्हलवर टकटक केल्यावर रीडिंग परत जागेवर येते का ते दाखवा. भाव मी इतरांपेक्षा थोडा जास्त लावतो. काही दुकानदार त्यावरून दुसरीकडे गेले. टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर दोन्ही मोजणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण, अजून ठेवत नाही, कारण ते तपासायची सोय माझ्याकडे नाही.